सोन्याचा वर्ख आणि माणसाचे चित्र

१

तुळजापुरात महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंनी दुकाने सुरू होतात. हळदी-कुंकवाचे ढीग, कवड्यांच्या माळा, परड्या, बांगड्या आणि त्यांच्या वर खिळ्यांना टांगलेल्या तसबिरी. मळवट भरलेली, दागिन्यांनी मढलेली तुळजाभवानी; शिवाजी महाराजांच्या हाती तलवार देणारी भवानी; लक्ष्मी, गणपती, दत्त. अलीकडे सोनेरी पत्र्यावर उठाव देऊन केलेल्या तसबिरी जास्त खपतात. त्याच ओळीत, जरा कडेला, तसल्याच सोनेरी पत्र्यावरची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीरही टांगलेली असते. कोट सोनेरी, हातातले पुस्तक सोनेरी, चष्मादेखील सोनेरी.

या रस्त्याने मी अनेक वर्षे येतो-जातो. तसबिरींकडे थांबून पाहिले नव्हते. पाहण्याचे निमित्त आमच्या वस्तीतल्या तरुण मंडळाने दिले. विहाराचे बांधकाम संपत आले होते. समोरच्या भिंतीवर काय लावायचे याची चर्चा चालू होती. एका कार्यकर्त्याने पुण्यातल्या एका प्रदर्शनात तंजावरी चित्रे पाहिली होती. तो म्हणाला, "सर, वर्गणी काढू. खऱ्या सोन्याचा वर्ख लावतात. बाबासाहेबांचं तसंच चित्र तंजावरहून करून आणू. देवीच्या देवळात सोनं आहे, मग आपल्या विहारात का नको?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांना शतकानुशतके सोने अंगावर घालू दिले नाही, त्यांच्या मुलाने आपल्या उद्धारकर्त्यासाठी सोने मागावे, यात एक न्याय आहे. तरीही माझे मन त्याला तयार होईना. का होईना, ते मला तेव्हा नीट सांगता आले नाही. ते सांगण्यासाठी आधी तंजावरी चित्र म्हणजे काय, ते कोणी कोणासाठी केले, त्यात काय दिसते आणि काय दिसू दिले जात नाही, हे पाहावे लागले. ही समीक्षा त्या शोधातून झाली आहे.

२

तुळजापूर आणि तंजावर ही नावे आपण सहसा एकत्र घेत नाही. पण त्यांचे नाते जुने आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७० नंतरच्या दशकात तंजावरची गादी मिळवली. भोसल्यांची कुलदेवता तुळजाभवानी. ती नावाच्या रूपाने कावेरीच्या काठी पोहोचली. तंजावरच्या मराठा राजांत 'तुळजा' नावाचे दोन राजे होऊन गेले. त्यातला दुसरा तुळजाराजा १७६३ ते १७८७ गादीवर होता. त्याने दत्तक घेतलेला सरफोजी १७९८ मध्ये राजा झाला. पुढच्याच वर्षी त्याने राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला, आणि किल्ला, पेन्शन व मानमरातब घेऊन तो १८३२ पर्यंत जगला. १८५५ मध्ये त्याचा मुलगा वारल्यावर कंपनीने संस्थान खालसा केले.

सरफोजी विद्याव्यासंगी होता, हे खरे आहे. सरस्वती महाल ग्रंथालय त्याने वाढवले. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास त्याने मराठीत कोरवून घेतला. परमुलखात, हजार वर्षांच्या दगडावर एवढा मोठा मराठी शिलालेख आहे, याचा आपल्या विद्वानांना अभिमान वाटतो. पण त्या लेखात आहे ते राजाचे कुळ. त्या राज्यात भात कोणी पिकवले, ते त्यात शोधू नये.

आज आपण ज्याला तंजावरी चित्र म्हणतो, त्याचा बहरही या मराठा दरबाराच्या आश्रयाने झाला. शैलीची मुळे त्याआधीच्या विजयनगर-नायक काळात आहेत. पण आज संग्रहालयांतून दिसणारी बहुतेक जुनी चित्रे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतली आहेत. तमिळमध्ये त्यांना 'पलगै पडम्' म्हणतात, म्हणजे फळीवरचे चित्र. नाव सरळ कारागिराचे आहे. ते मला आवडते.

फळी फणसाची किंवा सागाची घेत. तिच्यावर कापड चिकटवीत. चिकटवायला चिंचोक्याची खळ किंवा डिंक. आपल्याकडे घोंगडीला जी खळ देतात तीच ही, हे वाचून आपल्या माणसाला ओळखीचे काही सापडल्यासारखे वाटेल. त्या कापडावर खडूची किंवा चुन्याची भुकटी खळीत कालवून तिचे थर द्यायचे, वाळवायचे, घोटून गुळगुळीत करायचे. मग रेखाटन. मग दागिने, मुकुट, खांब, महिरप जिथे असतील तिथे त्याच लगद्याचा उठाव काढायचा, त्यात काचेचे वा मौल्यवान खडे बसवायचे आणि वर सोन्याचा वर्ख दाबून लावायचा. उरलेल्या जागी रंग. शेवटी डोळे आणि बाह्यरेषा. एका चित्राला दिवस नव्हे, आठवडे लागतात. या कामात हाताची जी शिस्त आहे, तिला कमी लेखणारा समीक्षक समीक्षक नव्हे. परंपरेने हे काम राजू आणि नायडू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेलुगूभाषक चित्रकार घराण्यांकडे होते. त्यांची नावे मात्र चित्रांवर क्वचितच सापडतात. मागणी करणाऱ्या राजाचे नाव टिकले. फळी घोटणाऱ्याचे गेले.

३

आता चित्राकडे पाहू. मध्यभागी देव असतो. तो इतका मोठा की चौकट त्याला पुरत नाही. त्याच्या भोवती महिरप, खांब, गुंडाळलेले पडदे. बाजूला सेवक, भक्त, देवाच्या पत्नी. त्यांचा आकार त्यांच्या पायरीप्रमाणे उतरत जातो. जो मोठा, तो मानाने मोठा म्हणून आकाराने मोठा. जवळचा-दूरचा हा हिशेब इथे नाही. वरचा-खालचा हाच हिशेब आहे. जातिव्यवस्थेचे वर्णन बाबासाहेबांनी चढत्या आदराची आणि उतरत्या तिरस्काराची भांडण-रचना म्हणून केले. त्या रचनेचा नकाशा कोणी काढायला सांगितला, तर तंजावरी रामपट्टाभिषेकाचे चित्र समोर ठेवता येईल. सिंहासनावर राम, त्याच्या जवळ भाऊ, पुढे ऋषी-राजे, आणि पायापाशी हात जोडलेला मारुती. प्रत्येकजण आपापल्या जागी सुखी आहे. कोणाचीही मान वर नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. कृष्ण या नावाचाच अर्थ काळा. आपल्या लोकांच्या तोंडी तो सावळा आहे. पंढरीचा विठोबाही काळा आहे. तंजावरच्या चित्रांत मात्र लोणी खाणारा बाळकृष्ण अनेकदा गोरापान, गुबगुबीत होऊन येतो. सोन्याशेजारी काळा रंग शोभत नाही म्हणून असे झाले, असे कोणी सांगेल. तसे असेल तर प्रश्न अधिकच गंभीर होतो. ज्या सौंदर्यदृष्टीत देवालाही सुंदर ठरण्यासाठी आपला रंग टाकावा लागतो, तिथे उन्हात राबून काळ्या झालेल्या बाईला कोण सुंदर म्हणणार?

तुळजापूरची देवीही मुळात काळ्या पाषाणाची आहे. तिला गंडकी शिळा म्हणतात. मूर्ती महिषासुरमर्दिनीची. पण यात्रेला आलेल्या माणसाला तो पाषाण कितीसा दिसतो? अभिषेकाची वेळ सोडली तर साडी, मळवट, अलंकार हेच दिसते. नवरात्रात तर दर दिवशी निराळी अलंकार महापूजा बांधतात. रथालंकार, मुरली अलंकार, शेषशाही, भवानी तलवार. म्हणजे मूर्तीचेच रोज नवे चित्र होते. तंजावरचा कारागीर फळीवर जे करतो, तेच इथे पाषाणावर होते. खालचा काळा दगड झाकला जातो, आणि त्याबरोबर देवीच्या पायाखालचा महिषासुरही झाकला जातो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त दैत्य-राक्षसांच्या कथा उलट्या बाजूने वाचायला शिकवले. तेव्हापासून पायाखाली कोण आहे हे पाहण्याची सवय आपल्याला लागली. अलंकार नेमकी तीच सवय मोडतात. नजर वरच्या मुकुटावर खिळते, खाली उतरतच नाही.

तिसरी गोष्ट जमिनीची. या चित्रांत देवाच्या पायाखाली आसन असते, कमळ असते, माती नसते. पार्श्वभूमी गडद लाल, हिरवी, निळी. तिथे ऊन नाही, पाऊस नाही, शेत नाही. तंजावर म्हणजे कावेरीचे खोरे, तमिळ देशाचे भाताचे कोठार. त्या भाताची एक लोंबी या चित्रांत दिसत नाही.

४

इथवरचे वाचून कोणी म्हणेल, देवाच्या चित्रात शेतमजूर कशाला हवा? भक्तीचे चित्र भक्तीच्या कसोटीने पाहा. हा आक्षेप मी मान्य केला असता. पण तंजावरच्या चित्रकारांनी शेतमजूर, चांभार, कुंभार, ताडी काढणारा, कोष्टी या सर्वांची चित्रे काढली आहेत. तीही याच काळात, सरफोजीच्या हयातीत. ती देवांच्या फळ्यांवर नाहीत. कागदावर आहेत, आणि त्यांचे गिऱ्हाईक होते कंपनीचे गोरे अधिकारी.

या चित्रांचे संच आज लंडनच्या संग्रहालयांत आहेत. एका पानावर एक जोडपे: नवरा आणि बायको. नवऱ्याच्या हातात त्याच्या धंद्याचे अवजार, बायकोच्या डोक्यावर टोपली किंवा कडेवर मूल. पायाखाली हिरव्या-तपकिरी मातीची एक पट्टी. आणि बहुतेकदा जोडीला जातीचे नाव लिहिलेले. माणसाचे नाव नाही, जातीचे. साहेब मायदेशी परतताना फुलपाखरांच्या, वनस्पतींच्या चित्रांबरोबर हा जातींचा संचही पेटीत घालून नेत असे.

म्हणजे माणूस या शैलीला माहीत नव्हता असे नाही. त्याला बाजूला ठेवले होते. एका फळीवर सोन्याचा देव. दुसऱ्या कागदावर पाण्याच्या रंगातला माणूस. देव आहे तो नावाने, कथेने, महिम्याने. माणूस आहे तो जातीने आणि अवजाराने. देवाला उठाव आहे, खडे आहेत, वर्ख आहे. माणसाला कागदाची एक सपाट पट्टी. तंजावरच्या कलेतली ही दोन दालने एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय तिचा खरा आशय कळत नाही. कलेच्या इतिहासात एकाला 'तंजावर शैली' आणि दुसऱ्याला 'कंपनी शैली' अशी दोन नावे देऊन दोन कपाटांत ठेवले आहे. कपाटे वेगळी केली की संबंध तुटतो. आपण तो जोडला पाहिजे.

आणि हा संबंध जोडताना एक शब्द हाती लागतो. कंपनीच्या काळातल्या इंग्रजी लिखाणात दक्षिणेतल्या चित्रकारांना 'मूची' म्हटलेले आढळते. हा शब्द म्हणजे आपला 'मोची'च. चामड्याचे काम करणारा, खोगीर शिवणारा, पुस्तक बांधणारा आणि चित्र काढणारा, या सर्वांना तो लागत असे. आपल्याकडच्या जिनगरांचेही तसेच. जिन शिवणारा हात मूर्ती आणि चित्रही करी. चामडे आणि कला यांच्यामध्ये आज आपल्याला जेवढी मोठी भिंत दिसते, तेवढी ती हातांना नव्हती. ती ग्रंथांनी आणि प्रतिष्ठेने उभी केली.

सोन्याच्या वर्खाचेही पाहा. वर्ख कुटण्याची आपल्या देशातली जुनी रीत अशी की सोन्या-चांदीचा पातळ तुकडा चामड्याच्या किंवा जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्यांमध्ये ठेवायचा आणि हातोड्याने तासन् तास ठोकायचा. चामड्याच्या कुशीत सोने पातळ होते. तेच सोने देवाच्या मुकुटावर चढले की पवित्र. आणि मेलेले जनावर ओढणारा, कातडे कमावणारा मात्र त्या देवाच्या दारात अपवित्र. ब्राह्मणी सौंदर्यशास्त्राला या विसंगतीचे उत्तर द्यावे लागत नाही, कारण ते चित्र पूर्ण झाल्यावर पाहायला बसते. आपण चित्र तयार होताना पाहायला बसले पाहिजे.

५

देवाचे चित्र कोणासाठी, याचे उत्तर देवळाच्या दाराशी मिळते. तंजावरच्या खोऱ्यातली जमीन मिरासदारांची. शब्द आपल्या ओळखीचा आहे आणि अर्थही. मिरासदार ब्राह्मण आणि वेल्लाळ. राबणारे पळ्ळर आणि परैयर. ते जमिनीला आणि मालकाला बांधलेले. १८४३ च्या कायद्यापर्यंत या गुलामीला कायद्याचीही मान्यता होती. त्यानंतर कायदा गेला, बांधिलकी राहिली.

याच मुलखात नंदनार होऊन गेले. तमिळ शैव परंपरेतल्या ६३ नायन्मारांपैकी एक, जातीने अस्पृश्य शेतमजूर. कथा सांगते की तिरुप्पुंगूरच्या देवळाबाहेर उभ्या असलेल्या नंदनारांना शिवलिंग दिसावे म्हणून मध्ये असलेला नंदी बाजूला सरकला. आणि चिदंबरमच्या देवळात जाण्यासाठी त्यांना अग्नीतून जावे लागले. अग्नीतून ते जानवे घातलेले ब्राह्मण होऊन बाहेर आले. आमच्या चोखोबांना पंढरपुरात महाद्वाराच्या बाहेर समाधी मिळाली. दोन्ही कथा एकच गोष्ट सांगतात. देव फार कनवाळू आहे: नंदी सरकवतो, पण दार उघडत नाही. शूद्रातिशूद्राला आत यायचे तर त्याने आधी जळले पाहिजे. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मूळ शोधावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. कावेरी, गंगा आणि भीमा यांच्या काठची तीन माणसे एका पानावर आणणारा हा अर्पणलेख मला कोणत्याही सोनेरी चित्रापेक्षा मोलाचा वाटतो. तिथे माणसांची नावे आहेत.

बृहदीश्वराचे देऊळ अस्पृश्यांसाठी उघडले ते १९३९ मध्ये. तोवर मराठ्यांचे राज्य जाऊन ८४ वर्षे झाली होती. त्यांचे वंशज राजारामराजे त्या देवळांचे वंशपरंपरागत विश्वस्त होते आणि त्यांनी दारे उघडली. हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण त्याआधी जवळजवळ पावणेतीनशे वर्षे भवानीचे नाव लावणाऱ्या घराण्याच्या छत्राखाली ते दार बंदच होते, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

आणि दार उघडल्यानंतर? तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातच, आज नागपट्टिणम् जिल्ह्यात असलेल्या कीळवेण्मणी गावात, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलित माणसांना एका झोपडीत जाळून मारण्यात आले. त्यात बहुतेक बाया, मुले आणि म्हातारी माणसे होती. त्यांच्या लोकांनी भाताच्या मजुरीत थोडी वाढ मागितली होती, लाल बावट्याखाली संघटना केली होती. २५ डिसेंबर ही तारीख या त्रैमासिकाच्या वाचकाला सांगायला नको; १९२७ मध्ये याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली होती. आम्ही पुस्तक जाळले, त्यांनी माणसे जाळली. पुढे उच्च न्यायालयाने जमीनदारांना सोडून दिले. ही मंडळी प्रतिष्ठित, त्यांच्यातल्या एकाकडे तर मोटार. अशी माणसे स्वतः पायी जाऊन आग लावतील हे पटत नाही, अशा आशयाचा युक्तिवाद त्या निकालात होता.

मी हे चित्रकलेच्या लेखात का आणतो? कारण तो युक्तिवाद मला तंजावरी चित्रासारखा वाटतो. वर प्रतिष्ठेचा वर्ख असला की खाली काय आहे ते पाहायचे नाही, ही सवय एका दिवसात लागत नाही. पिढ्यान् पिढ्या जे डोळे सोन्याला शरण जायला शिकले, ते न्यायासनावर बसूनही सोन्यालाच शरण जातात. चित्राने खून केला असे मी म्हणत नाही. चित्राने डोळ्यांना काय पाहायचे नाही ते शिकवले, असे म्हणतो.

६

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. देवळात जाता येत नव्हते त्याला फळीवरचा, कागदावरचा देव घरी आणता आला. तंजावरी फळ्या श्रीमंतांच्याच घरी गेल्या; पण पुढे छापखाना आला. त्रावणकोरच्या राजघराण्याशी संबंधित राजा रविवर्मा हे दक्षिणेच्या या दरबारी चित्रपरंपरेच्या सावलीतच वाढले. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी गावोगावच्या बाजारांत पोहोचल्या. ज्याच्या सावलीचाही विटाळ, त्याच्या झोपडीत देव भिंतीवर येऊन बसला. पुजारी नाही, सोवळे नाही, पायरी नाही. काही अभ्यासक याला देवाचे लोकशाहीकरण म्हणतात.

मी त्याला अर्धे खरे म्हणेन. देव घरी आला, पण आपली चौकट घेऊन आला. तोच मुकुट, तेच सिंहासन, तोच गोरा रंग, तेच कमळ. दार ओलांडायला मिळाले नाही. दाराचे चित्र मिळाले. आमच्या आजीच्या घरात अंबाबाईची अशी एक तसबीर होती. काच तडकलेली, कडेला धुराने काळी झालेली. १९५६ नंतर घरातल्या लोकांनी देव विहिरीत टाकले, तेव्हा आजीने ती तसबीर खाली उतरवली. पण भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला. धुराने काळ्या झालेल्या भिंतीवर तेवढीच जागा उजळ. आजी म्हणायची, "तिथं काही लावू नका. नुसतं दिसू द्या." तिला काय म्हणायचे होते ते मला कळायला फार वर्षे लागली. त्या रिकाम्या जागेकडे पाहून ती काय टाकले ते रोज आठवत होती. पुढे वडिलांनी तिथे बाबासाहेबांचा साधा, काळा-पांढरा फोटो लावला. डाग झाकला गेला. आजी काही बोलली नाही.

७

आता विहाराच्या भिंतीकडे येतो. आज तंजावरी चित्रांची पुन्हा चलती आहे. २००७-०८ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. शहरांतून त्यांचे शिकवणीवर्ग चालतात, फणसाच्या फळीऐवजी प्लायवूड आले, आणि दिवाणखान्यात ते चित्र असणे हे अभिरुचीचे लक्षण झाले. कारागिराला त्यातून चार पैसे मिळत असतील तर मिळोत. माझा विरोध कारागिराला नाही. उद्या बाबासाहेबांची तंजावरी चित्रे निघाली तर ती हातोहात खपतील, याविषयीही मला शंका नाही.

माझी हरकत शैलीच्या आशयाला आहे. कोणतीही शैली रिकामे भांडे नसते. तिच्यात काय ओतले ते बदलले तरी तिचा घाट बदलत नाही. तंजावरी घाट असा: मध्यभागी एकच मोठा, भोवती लहान; वर सोने, खाली हात जोडलेले; पायाखाली माती नाही. या घाटात बाबासाहेब बसवले तर ते देव होतील आणि आपण पुन्हा पायापाशी. कोट, चष्मा, राज्यघटना हे अलंकार होतील. राज्यघटना उठावाच्या लगद्यात घडवून त्यावर वर्ख लावला की ती वाचता येत नाही, हे आपल्याला दिसत नाही का?

बाबासाहेबांनी स्वतः यावर बोलून ठेवले आहे. १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेवर टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले की धर्मात भक्ती आत्म्याला मुक्त करीत असेल, पण राजकारणात ती अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. ही वाक्ये आपण जयंतीच्या भाषणात म्हणतो, आणि म्हणून झाल्यावर सोनेरी तसबिरीला हार घालतो.

मग भिंत रिकामी ठेवायची का? आजीने ठेवली होती तशी? तेही उत्तर असू शकेल. पण मंडळातल्या मुलांना मी दुसरे सुचवले. आपल्या जिल्ह्यात, कसबे तडवळे इथे, फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांगांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले होते. तेव्हा आजूबाजूचा बराच मुलूख निजामाच्या राज्यात. लोक कुठून कुठून आले असतील ते डोळ्यांसमोर आणा. भाकरी बांधून, बैलगाडीतून, पायी. या भागात भिंती रंगवणारी, पाट्या लिहिणारी, बॅनर करणारी आपली मुले आहेत. त्यांनी ते चित्र काढावे. बाबासाहेब त्यात असावेत, पण आकाराने इतरांएवढे. पायाखाली काळी माती असावी. समोर बसलेल्या माणसांचे चेहरे निरनिराळे असावेत. महाराचे, मांगाचे, बाईचे, म्हाताऱ्याचे. ज्यांची नावे गावातल्या म्हाताऱ्यांना आठवतात ती खाली लिहावीत. जातीची नव्हे, माणसांची. वर्खाचे पैसे अभ्यासिकेला द्यावेत. आणि चित्र करणाऱ्याने कोपऱ्यात आपले नाव घालावे.

चित्र कच्चे होईल, बोटे वाकडी येतील, हे मला माहीत आहे. तंजावरच्या हाताची सफाई आमच्या हातात एका वर्षात येणार नाही. ती शिकलीही पाहिजे. खळ कशी करायची, पाया कसा घोटायचा, रंग कसा टिकवायचा, हे तंजावरच्या कारागिरापाशी जाऊन शिकायला माझी ना नाही. त्याचे कसब घेऊ. त्याला ज्याने कामाला लावले त्याची पायरी घेणार नाही.

मंडळाने अजून निर्णय घेतलेला नाही. बैठकीत दोन तट पडले. एक मुलगी, बारावीत शिकणारी, इतका वेळ गप्प होती. शेवटी तिने विचारले, "सर, त्या परिषदेला आलेल्या बायांची नावं कोणाला माहीत आहेत का?" कोणालाच माहीत नव्हती. पुढच्या रविवारी तीन मुले आणि ही मुलगी वह्या घेऊन तडवळ्याला जाणार आहेत. चित्राची पहिली रेघ तिथे पडेल.